तसबिरीचा घोटाळा ते संशयकल्लोळ : एका नाटकाची चार रूपे

सांगलीहून थोड्याच अंतरावर, कृष्णा व वारणा या नद्यांच्या संगमाशी, हरिपूर हे गाव वसले आहे. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या गावाला मानाचे स्थान आहे, कारण ते नाटककार गोविंद बल्लाळ देवल (१८५५-१९१६) यांचे गाव. 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' या त्यांच्या दोन नाटकांची नावे ज्याने ऐकली नाहीत असा मराठी माणूस विरळाच. परंतु 'संशयकल्लोळ' लिहिण्यापूर्वी तेच नाटक देवलांनी निराळ्या नावाने आणि निराळ्या रूपात लिहिले होते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या स्मरणात आहे. १८९३ सालच्या त्या गद्य नाटकाचे नाव 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. पुढे तेवीस वर्षांनी, आयुष्याच्या अगदी अखेरीस, देवलांनी ते पुन्हा हाती घेतले, त्यात पदे घातली, त्याचे नाव बदलले आणि 'संगीत संशयकल्लोळ' जन्माला आले.

एका लेखकाने आपल्याच जुन्या कृतीवर पुन्हा हात फिरवावा, यात काही विशेष नाही, असे कोणी म्हणेल. मराठी संगीत नाटकाचा तर आरंभच अशा टप्प्याटप्प्याच्या लेखनाने झाला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हा त्याचे पहिले चारच अंक तयार होते. त्यांचे 'सौभद्र'ही १८८२ साली प्रथम तीन अंकांचेच झाले, उरलेले अंक पुढच्या वर्षी आले. तरीही 'फाल्गुनराव'ची हकीकत निराळी आहे. हे नाटक देवलांच्या हाती येण्यापूर्वी दोन देशांत, दोन भाषांत, दोन शतके फिरून आले होते. प्रत्येक मुक्कामी ते नव्याने लिहिले गेले आणि प्रत्येक वेळी त्याचे नाव बदलले. ही चार नावे एकापुढे एक ठेवून पाहिली, तर संसारातील संशयाकडे पाहण्याची माणसाची दृष्टी कशी पालटत गेली हे ध्यानात येते. प्रस्तुत लेखात तो प्रवास थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पॅरिस, १६६०

या नाटकाचा पहिला ज्ञात मुक्काम पॅरिस. २८ मे १६६० रोजी तेथील प्ती-बूर्बाँ नाट्यगृहात मोलियेर या नाटककाराचे एक एकांकी पद्यनाटक झाले. त्याचे नाव 'स्गानारेल', आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्या नावाचा भावार्थ 'आपल्याच कल्पनेने नागवलेला नवरा' असा. त्या काळी मोलियेरची मंडळी आणि इटालियन नटांची एक मंडळी एकाच नाट्यगृहात आळीपाळीने खेळ करीत. मुखवटे, मारझोड, गैरसमज आणि फजितीवर उभ्या असलेल्या त्या इटालियन प्रहसनांचा मोलियेरवर मोठा संस्कार होता. स्गानारेलची भूमिका तो स्वतः करी.

कथानक साधे आहे. एका तरुणीचे एका तरुणावर प्रेम आहे, पण तिचा बाप दुसरेच स्थळ पुढे करतो. त्या दुःखाने तिला भोवळ येते आणि तिच्या हातातील प्रियकराची छोटी तसबीर खाली पडते. शेजारचा स्गानारेल तिला सावरतो. त्याची बायको हे खिडकीतून पाहते आणि नवरा परस्त्रीच्या नादी लागला असे समजते. ती खाली येते तो तिला तसबीर सापडते. ती तसबीर न्याहाळताना नवरा तिला पाहतो आणि बायकोचा कोणी यार आहे अशी त्याची खात्री होते. पुढे तीच तसबीर स्गानारेलच्या हाती पाहून खुद्द प्रियकराचा आपल्या प्रेयसीवरचा विश्वास डळमळतो. चार माणसे, एक तसबीर आणि प्रत्येकाजवळ आपापला 'डोळ्यांनी पाहिलेला' पुरावा! अखेरीस सगळा उलगडा झाल्यावर, डोळ्यांना सर्व काही दिसले तरी त्यावर विश्वास ठेवण्याची घाई करू नये, असा धडा स्गानारेल प्रेक्षकांना देतो.

या नाटकाच्या संहितेचे प्राक्तनही तितकेच मजेदार आहे. एका गृहस्थाने ते पाच-सहा वेळा पाहिले, सगळे पाठ केले आणि मोलियेरची परवानगी न घेता, प्रत्येक प्रवेशाला स्वतःची प्रस्तावना जोडून, छापूनही टाकले. मोलियेरला न्यायालयाची पायरी चढावी लागली. दुसऱ्याच्या हाती गेलेल्या तसबिरीवरून जे नाटक घडते, ते नाटकच असे दुसऱ्याच्या हाती गेले.

लंडन, १७६१

शंभर वर्षांनी हे कथानक लंडनला पोहोचले. आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने १७६१ च्या जूनमध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहात आपले पाच अंकी प्रहसन सादर केले. त्याच्या नावाचा अर्थ 'सगळेच चुकले' असा होतो. एका अंकाचे पाच अंक करताना मर्फीने दोन प्रेमी जोडपी आणली, नोकरमाणसांना कामे दिली आणि संशयी नवरा व संशयी बायको यांना तराजूच्या दोन पारड्यांत समसमान बसवले. सर जॉन रेस्टलेस आणि लेडी रेस्टलेस, म्हणजे शब्दशः 'बेचैन' आडनावाचे हे जोडपे. मोलियेरच्या नावात फजिती एकट्या नवऱ्याची होती. मर्फीच्या नावात एकही पात्र निर्दोष सुटत नाही.

येथे आपल्या वाचकांना एक योगायोग सांगावासा वाटतो. मोलियेरचे शिक्षण पॅरिसच्या क्लेर्मो विद्यालयात झाले. ते येशूसंघीय धर्मगुरूंचे विद्यालय होते. मर्फीचे शिक्षण फ्रान्समधील सेंत ओमेर येथे झाले, तेही येशूसंघीयांचेच. इंग्लंड-आयर्लंडमध्ये कॅथलिक शिक्षणावर तेव्हा कायद्याने बंदी असल्याने तेथील कॅथलिक कुटुंबे आपली मुले समुद्रापार धाडीत. येशूसंघाच्या विद्यालयांत नाटक हा शिक्षणाचाच भाग असे. १५९९ सालच्या 'रात्सिओ स्तुदिओरुम' या त्यांच्या शिक्षण-नियमावलीत नाटकांना मुभा आहे, मात्र ती क्वचित व्हावीत, लॅटिन भाषेत असावीत, विषय पवित्र असावा आणि त्यात स्त्रीवेष नसावा, असे निर्बंध आहेत. त्या विद्यालयांतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे यांतले कोणते निर्बंध पाळले, हे आपण पाहिलेच. परंतु बोलण्यातील नेमकेपणा आणि प्रसंगाची बांधणी हे जे त्यांना तेथे मिळाले, ते वाया गेले नाही.

पुणे-सांगलीकडे, १८९३

देवलांचे शिक्षण बेळगावात झाले आणि तेथेच त्यांना किर्लोस्करांचा सहवास लाभला. पुढे ते किर्लोस्कर मंडळीत आले. नट म्हणून आणि त्याहून अधिक तालीम देणारे मास्तर म्हणून त्यांची ख्याती झाली. इंग्रजी व संस्कृत नाटके मराठीत आणताना त्यांना परकेपणा मुळीच खपत नसे. गॅरिकच्या 'इझाबेला'वरून 'दुर्गा' (१८८६), शूद्रकाचे 'मृच्छकटिक' (१८८७), शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' (१८९०) ही त्यांची रूपांतरे पाहिली, म्हणजे मूळ वस्तू परदेशची आहे याची आठवणही होत नाही.

मर्फीचे नाटक त्यांनी घेतले आणि प्रथम पात्रांची बारशी केली. पुरुषांना महिन्यांची नावे आणि स्त्रियांना नक्षत्रांची. फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट आणि नोकर भादव्या. इकडे कृत्तिका, रेवती, रोहिणी आणि मघा. ही नुसती गंमत नव्हे. आपल्या पंचांगात महिन्याचे नाव नक्षत्रावरून पडते. फाल्गुनाचे नाते फल्गुनीशी, कृत्तिकेचे कार्तिकाशी. म्हणजे फाल्गुनरावाच्या घरी कृत्तिका नांदते, हीच मुळी जुळणी चुकलेली! उलट सत्तावीस नक्षत्रांच्या मालिकेत रेवती ही शेवटची आणि अश्विनी ही पहिली. आकाशाच्या वर्तुळात त्या दोघी एकमेकींना लागून आहेत. अश्विनशेट आणि रेवती यांची गाठ पडणार, हे पंचांग जाणणाऱ्या प्रेक्षकाला नावांवरूनच कळावे.

दुसरा बदल याहून खोल आहे. मर्फीची नायिका बेलिंडा ही प्रतिष्ठित घराण्यातील मुलगी. तिच्या मार्गातील अडथळा म्हणजे बापाने ठरवलेले लग्न. देवलांची रेवती नायकिणीच्या घरात वाढलेली आहे, आणि तिला संसार हवा आहे, एका पुरुषाची पत्नी म्हणून मान हवा आहे. येथे संशयाचे स्वरूपच पालटते. बेलिंडाविषयीचा संशय एका तसबिरीमुळे उद्भवतो. रेवतीविषयीचा संशय तसबीर हरवण्यापूर्वीच समाजाच्या मनात बसलेला आहे. तसबीर हे केवळ निमित्त. अश्विनशेट तिच्यावर जीव टाकतो, तरीही पहिल्याच विपरीत खुणेला त्याचे मन कलते, कारण 'अशा घरची मुलगी' हे वाक्य त्याच्याही मनाच्या तळाशी पडलेले आहे. प्रहसनाच्या हसण्याखाली देवलांनी हा काटा ठेवला आहे. 'मृच्छकटिका'तील वसंतसेनेला मराठीत आणणाऱ्या आणि पुढे १८९९ साली जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध 'शारदा' लिहिणाऱ्या लेखकाकडून याहून वेगळी अपेक्षा ती काय करावी?

आता १८९० आणि १८९३ ही दोन साले शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. 'झुंझारराव' आणि 'फाल्गुनराव' ही दोन नाटके एकाच लेखणीतून तीन वर्षांच्या अंतराने उतरली. दोहोंचा विषय एकच : पत्नीविषयी नवऱ्याच्या मनात शिरलेला संशय. दोहोंत पुराव्याची वस्तू एवढीशी : एकीकडे हातरुमाल, दुसरीकडे तसबीर. एका नाटकात निष्पाप पत्नीचा बळी जातो, दुसऱ्यात सगळे हसत घरी जातात. मग अंतर कशात आहे? 'ऑथेल्लो'च्या कथेत कानाशी लागणारा एक दुष्ट माणूस आहे आणि नवरा पत्नीला शेवटपर्यंत सरळ प्रश्न विचारीत नाही. 'फाल्गुनराव'मध्ये दुष्ट कोणीही नाही, आणि जो तो आपला संशय मोठ्याने ओरडून सांगतो! भांडण होते, शेजारीपाजारी गोळा होतात, पण त्या गोंगाटातच शेवटी सर्व पुरावे एकाच दिवाणखान्यात येऊन पडतात. मनात दडपलेला संशय विष होतो, तर बोलून दाखवलेला हास्यास्पद ठरतो. हास्यास्पद ठरण्याची ज्याची तयारी आहे, त्याचा संसार वाचतो. देवलांनी हे तत्त्व कोठे सांगितलेले नाही. त्यांनी दोन नाटके लिहून ठेवली.

'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे नाव मात्र मर्फीच्या नावासारखे नाही. माणसाचे नाव, मग 'अथवा', मग त्याची फजिती, ही घडण थेट मोलियेरच्या नावाची आहे. 'सगळेच चुकले' हा मर्फीचा निवाडा बाजूला ठेवून, १८९३ च्या देवलांनी पुन्हा एका संशयी नवऱ्याकडेच बोट दाखवले.

१९१६ : पदांची भर

मधल्या तेवीस वर्षांत मराठी रंगभूमी पार बदलली. १९११ साली खाडिलकरांचे 'मानापमान' आले आणि त्याला कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या. ख्याल-ठुमरीच्या अंगाने जाणाऱ्या त्या चालींनी प्रेक्षकांचा कान बदलला. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. बालगंधर्वांचे गाणे ऐकण्यास उत्सुक असलेल्या प्रेक्षकांपुढे गद्य प्रहसन कसे टिकावे? म्हणून गंधर्व मंडळीसाठी देवलांनी आपल्या जुन्या नाटकात पदे घालण्याचे काम अंगावर घेतले.

नाटकात पदे घालणे म्हणजे भिंतीला रंग देणे नव्हे. गाणे सुरू झाले की प्रसंग थांबतो. प्रहसनाला तर थांबणे परवडत नाही. गैरसमजावर गैरसमज चढत गेला पाहिजे, प्रेक्षकाला विचार करायला उसंत मिळता कामा नये. ही अडचण देवलांनी मोठ्या चातुर्याने सोडवली. पदांचा मुख्य भार त्यांनी अश्विनशेट आणि रेवती या प्रेमी जोडप्यावर ठेवला. फाल्गुनरावाची भूमिका मुख्यतः गद्यच राहिली. त्यामुळे नाटकाला दोन गती आल्या. फाल्गुनराव व कृत्तिका यांची घरगुती चकमक भरधाव गद्यात चालते. रेवती-अश्विनशेटांच्या मनातील ओढ, रुसवा आणि समेट सुरांत थांबून ऐकता येतो. जे जोडपे संशयाने पुरते ग्रासले आहे ते बोलत सुटते, आणि ज्यांच्यात विश्वासाचा अंकुर आहे ते गातात, असा काहीसा परिणाम होतो. गद्य नाटकात फाल्गुनराव हा केंद्रबिंदू होता. संगीत नाटकात नायकिणीच्या घरच्या त्या मुलीचे अंतःकरण प्रेक्षकांना प्रथमच आतून ऐकू आले, आणि नाटकाचा तोल तिच्या बाजूला झुकला.

म्हणूनच नाव बदलणे क्रमप्राप्त होते. 'संशयकल्लोळ' या नावात ना फाल्गुनराव आहे, ना तसबीर. कल्लोळ म्हणजे मोठी लाट, आणि गलबलाही. लाट उठली की तिच्यात कोण पोहणारा आणि कोण न पोहणारा हे पाहिले जात नाही. देवल पुन्हा मर्फीच्या जवळ आले, पण निवाडा देण्यासाठी नव्हे. मर्फी म्हणतो, सगळे चुकले. देवल म्हणतात, लाट आली आणि सगळे तिच्यात सापडले. साठीला आलेल्या माणसाने आपल्याच तरुणपणीच्या निकालात केलेली ही दुरुस्ती आहे, आणि ती अधिक क्षमाशील आहे.

हे रूप रंगभूमीवर आलेले पाहणे देवलांच्या नशिबी नव्हते. १४ जून १९१६ रोजी त्यांचे निधन झाले. 'संगीत संशयकल्लोळ'चा पहिला प्रयोग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गंधर्व मंडळीने केला. रेवती बालगंधर्वांनी आणि फाल्गुनराव गणपतराव बोडसांनी रंगवला. बोडसांचा फाल्गुनराव ही मराठी रंगभूमीवरील एक दंतकथा ठरली. हेच बोडस तीन वर्षांनी गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त सुधाकर झाले आणि बालगंधर्व सिंधू. संसार हसत सावरण्याची आणि संसार रडत बुडण्याची, दोन्ही चित्रे त्याच जोडीने महाराष्ट्राला दाखवली.

इटलीतील एक समांतर उदाहरण

आपले संगीत नाटक आणि इटलीतील ऑपेरा यांची तुलना नेहमी केली जाते. ऑपेरात बहुधा आरंभापासून अखेरपर्यंत गाणेच असते, आपल्याकडे गद्य आणि पदे यांची सांगड असते. पण एका संहितेचे पुनःपुन्हा संस्करण होण्याची रीत दोहोंकडे सारखी. येथे दोनिझेत्ती या संगीतकाराच्या 'पोलियुतो' या, तुलनेने कमी प्रसिद्ध, ऑपेराची आठवण होते. त्याचा विषय आपल्या वाचकांना जवळचा आहे. संत पोलियुक्त हा तिसऱ्या शतकातील आर्मेनियातील रक्तसाक्षी. त्याच्यावर कॉर्नेय या फ्रेंच नाटककाराने (हाही येशूसंघीयांचाच विद्यार्थी) लिहिलेली शोकांतिका १६४३ साली छापली गेली. तिच्यावरून काम्मारानो या कवीने इटालियन संहिता रचली आणि १८३८ साली दोनिझेत्तीने नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहासाठी तिला संगीत दिले.

काम्मारानोने कॉर्नेयच्या कथेत एक रंग गडद केला, तो संशयाचा. त्याचा पोलियुतो आपल्या पत्नीवर संशय घेतो. तिचा पूर्वीचा प्रियकर परतला आहे आणि नवऱ्याचे मन जळते आहे. संताच्या चरित्रात मत्सर आल्याने तो संत आपल्यासारखा हाडामांसाचा माणूस झाला. परंतु नेपल्सचा राजा दुसरा फर्दिनांद याने प्रयोगालाच बंदी केली. संतांची चरित्रे रंगभूमीवर आणू नयेत, ती देवळातच शोभतात, अशी त्याची धारणा. दोनिझेत्ती पॅरिसला गेला. तेथे स्क्रीब या लेखकाने नवी फ्रेंच संहिता रचली, तीन अंकांचे चार अंक झाले, आणि १० एप्रिल १८४० रोजी 'रक्तसाक्षी' अशा अर्थाच्या नावाने हे ऑपेरा नव्या रूपात उभे राहिले. स्क्रीब पुन्हा कॉर्नेयकडे वळला आणि त्याने पतीचा मत्सर काढून टाकला. मूळ इटालियन 'पोलियुतो' नेपल्समध्ये झाले ते ३० नोव्हेंबर १८४८ रोजी. दोनिझेत्ती त्याच वर्षीच्या एप्रिलात निवर्तला होता.

देवल आणि दोनिझेत्ती, दोघांच्याही कृतींचे प्रयोग त्यांच्या पश्चात काही महिन्यांतच झाले. पण संस्करणाची दिशा उलटी आहे. पॅरिसच्या संस्करणात संशय वगळला गेला आणि नायक अधिक उदात्त, पण काहीसा दूरचा झाला. देवलांनी संशय तसाच ठेवला, आणि ज्या स्त्रीवर तो घेतला जातो तिला आवाज दिला. दोन्ही वाटा संस्करणाच्याच. मला दुसरी अधिक धाडसाची वाटते.

संशयित कोण?

या चारही मुक्कामांवर आणखी एक संशय नाटकाच्या मागे सावलीसारखा चालत आला आहे, तो म्हणजे नाटकवाल्यांविषयीचा. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी रंगमंचावरून घरी परतल्यावर मोलियेरचा अंत झाला. बोलावूनही दोन धर्मगुरू आले नाहीत, तिसरा पोहोचला तेव्हा उशीर झाला होता. नटाचा व्यवसाय न त्यागता मरण आले म्हणून त्याच्या धर्मग्रामाच्या प्रमुखाने ख्रिस्ती दफनास नकार दिला. विधवेच्या विनवणीनंतर आणि राजाच्या मध्यस्थीने आर्चबिशपांनी परवानगी दिली ती रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता दफन करण्याची. २१ फेब्रुवारीच्या रात्री तो विधी उरकला गेला. मर्फीला, तो पूर्वी नट होता एवढ्याच कारणावरून, लंडनच्या एका वकिली संस्थेने प्रवेश नाकारला. वजनदार व्यक्तींच्या शब्दामुळे दुसऱ्या संस्थेचे दार त्याला उघडले. आपल्याकडेही नाटकमंडळीत जाणाऱ्या मुलाला घर वर्ज्य होई, आणि प्रतिष्ठित घरातील स्त्री तर रंगभूमीवर दिसतच नसे. नायकिणीच्या घरच्या रेवतीचे दुःख महाराष्ट्राला सांगण्यासाठी एका पुरुषाला लुगडे नेसावे लागले.

धर्मगुरू म्हणून मोलियेरच्या दफनाची हकीकत वाचताना मला खाली पाहावे लागते. नाटकाने समाजाला संशयाचे दुष्परिणाम दाखवले आणि समाजाने, त्यात ख्रिस्तसभेनेही, नाटकाकडेच संशयाने पाहिले. खरे पाहता आपल्या शुभवर्तमानाचा आरंभ अशाच एका कसोटीने होतो. मत्तयच्या पहिल्याच अध्यायात वाग्दत्त वधू मरिया गर्भवती असल्याचे योसेफाला समजते. पुरावा तर डोळ्यांपुढे आहे. नियमशास्त्र त्याच्या बाजूचे आहे. तरीही तो तिची बेअब्रू करण्यास धजत नाही, गुपचूप दूर होण्याचे मनात आणतो, आणि निर्णय अमलात आणण्यापूर्वी झोपी जातो! त्या एका रात्रीच्या उसंतीत देवदूताला बोलण्यास जागा मिळते. नीतिमान या शब्दाचा अर्थ पुराव्यावर तत्काळ निकाल देणारा असा नव्हे, हे शुभवर्तमानकाराने तेथे दाखवून दिले आहे. स्गानारेलचा अखेरचा धडा आणि योसेफाची ती रात्र यांत फार अंतर आहे असे मला वाटत नाही.

विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांत आणि पुढे संसारातील तक्रारी ऐकताना आम्हां धर्मगुरूंना जाणवते की तसबिरीचा घोटाळा जुना झालेला नाही. तसबिरीची जागा मोबाइलने घेतली आहे. कोणाचा फोन आला, कोणाचे छायाचित्र कोणाकडे आढळले, निरोप उघडून वाचला पण उत्तर का दिले नाही, यांवरून घरे मोडतात. आणि अशा बहुतेक प्रसंगी रेवतीप्रमाणेच, ज्या स्त्रीविषयी शेजारपाजाऱ्यांनी आधीच काही ठरवून ठेवलेले असते, तिच्यावर पहिला घाव बसतो.

संस्करणाचा अधिकार

नाटकाचे रूप बदलण्याची ही परंपरा देवलांनंतरही थांबलेली नाही. एके काळी रात्ररात्र चालणारा 'संशयकल्लोळ'चा प्रयोग पदे निवडून आणि प्रवेश आटोपशीर करून सादर होऊ लागला. २०१० नंतरच्या दशकात प्रशांत दामले यांचा फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे यांचा अश्विनशेट अशा संचात नव्या पिढीनेही ते गर्दी करून पाहिले.

कोल्हापुरात ज्या वास्तूत संगीत नाटकांच्या कितीतरी रात्री रंगल्या, ते राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले १९१५ सालचे पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. देवलांच्या 'शारदे'त बालवयात नायिकेची भूमिका करून नावारूपाला आलेला हा कोल्हापूरचा गायकनट. त्या रात्री हजारो कोल्हापूरकर हळहळले आणि लगोलग पुनर्बांधणीची मागणी झाली, ते कामही हाती घेण्यात आले. पुन्हा बांधताना काय जसेच्या तसे ठेवावे आणि काय बदलावे, हा वास्तूपुढचा प्रश्न आणि १९१६ साली देवलांपुढचा प्रश्न एकाच जातीचा आहे.

आपल्या धर्मग्रामांतही सणाला, नाताळला, युवकांच्या मेळाव्याला नाटके बसवली जातात. वेळ नाही म्हणून प्रवेश कापले जातात, मुली मिळत नाहीत म्हणून पात्रे गाळली जातात, चित्रपटातल्या चालीवर गाणी घुसडली जातात. यांत वाईट काही नाही. बदल करण्याचा अधिकार रंगभूमीने सर्वांनाच दिला आहे. मात्र तो वापरण्यापूर्वी 'फाल्गुनराव' आणि 'संशयकल्लोळ' यांची ही कथा तालमीच्या पहिल्या दिवशी मुलांना सांगावी. नाटकात भर घालताना ती कोणाच्या तोंडी घालायची, हे देवलांनी तेवीस वर्षांनंतर ठरवले, आणि ज्या पात्राकडे सगळे संशयाने पाहत होते त्याला गाणे दिले. आपण कापाकापी करू तेव्हा असे एखादे पात्र गळत तर नाही ना, एवढे दिग्दर्शकाने पाहिले तरी पुष्कळ झाले.